हुतात्मा चौक ते क्रॉफर्ड मार्केट: मेट्रोतून वर येऊन पाहायची दगडी शिल्पं

मुंबईची ‘मेट्रो 3’ ही मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आणि फोर्टातली शिल्पं पाहणं फार सोपं झालं. हुतात्मा चौक आणि सीएसएमटी ही लागोपाठची भुयारी स्थानकं. पहिल्यावर उतरायचं, डी. एन. रोडने चालत सीएसएमटी, तिथून क्रॉफर्ड मार्केट, आणि परत सीएसएमटीहून मेट्रो. चालणं जेमतेम दीड-दोन किलोमीटर, पण निवांत पाहायला तीन तास हाताशी ठेवा.

निघायची वेळ महत्त्वाची. सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, कोरीवकाम सावलीत जातं आणि फोटोत नुसती काळपट आकृती उरते. दुपारी 3 नंतर तिरपं ऊन समोरून येतं आणि पानापानाची कड उठून दिसते. अंधार पडल्यावर रंगीत दिवे लागतात; इमारत देखणी दिसते, पण शिल्पं त्या रंगात बुडतात. लहान दुर्बीण असेल तर घ्याच. इथलं उत्तम काम दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर आहे.

तिकिटं 10 ते 70 रुपयांची. क्यूआर तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर जिना उतरण्याआधीच काढून स्क्रीनशॉट ठेवा, खाली नेटवर्कचा भरवसा धरू नका. बाहेर पडताना घाई करून समोर दिसेल त्या सरकत्या जिन्यावर चढू नका. प्रत्येक निकास वेगळ्या रस्त्यावर उघडतो आणि चुकीच्या तोंडातून वर आलात तर भर वाहतुकीचा चौक ओलांडावा लागतो. तिकिटाच्या मजल्यावरचा नकाशा पाहून मगच दिशा ठरवा.

हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा स्मारक एकमेकांजवळ आहेत. कारंजं 1864 चं, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, शिल्पं जेम्स फोर्सिथची, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. स्मारकातले मशालधारी शेतकरी आणि कामगार संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. 21 नोव्हेंबर 1955 चा गोळीबार याच परिसरातला. दोन्हींभोवती पूर्ण फेरी मारा. बहुतेक लोक एका बाजूने फोटो काढून निघतात, पण कारंज्याच्या चारही बाजू वेगळ्या आहेत.

डी. एन. रोडवरून कमानींच्या सावलीतून चला. पंधरा मिनिटांत सीएसएमटी येतं. तिथे लगेच आत शिरू नका. आधी समोरच्या, महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर थांबा, कारण घुमट आणि त्यावरची ‘प्रगती’ची मूर्ती जवळ गेल्यावर नीट दिसतच नाही. एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. ही मूर्ती टॉमस अर्पची. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम 1878 ला सुरू झालं आणि 1888 ला पुरं झालं. मागे वळलात की दिसणारी महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, 1893 ची.

दुर्बीण घुमटावरून खाली आणा. घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा आहे. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. भिंतीवर गोल चौकटींत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीच्या, संचालकांचे चेहरे आहेत. त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले नाना शंकरशेट शोधा. पगड्यांवरून ते वेगळे ओळखू येतात. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेल्या माणसाचा चेहरा रोज लाखो लोकांच्या डोक्यावर आहे आणि मान वर करणारे थोडेच, याचं वाईट वाटतं.

आता भुयारी मार्गाने पलीकडे जा. रस्त्यावरून ओलांडायचा प्रयत्न नको, मध्ये कठडे आहेत. संध्याकाळी साडेपाचनंतर या मार्गात स्टेशनकडे जाणारा लोंढा असतो, म्हणून हा टप्पा त्याआधी उरका. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. त्यानंतर कमानी आणि खिडक्यांवर नजर फिरवा. मोर, माकडं, वेली, पानं. हे काम सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं, आणि माझ्या मते इमारतीचा खरा जीव त्यातच आहे. साचा युरोपी गॉथिक शैलीचा, पण प्राणी आणि झाडोरा इथला. छताच्या कडेला बाहेर झुकलेली जनावरं नुसती शोभेची नाहीत. छतावरचं पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून भिंतीपासून लांब पडावं म्हणून ती तिथे आहेत. दगड वालुकाश्म आणि चुनखडीचा आहे, तो धूर आणि पावसाच्या ओलीने झिजतो, त्यामुळे काही नाकं आणि पानांच्या कडा बोथट झालेल्या दिसतील. हात लावू नका.

उत्तरेकडच्या भागातलं लोकलचं तिकीटघर, म्हणजे ‘स्टार चेंबर’, बघायचं राहू देऊ नका. आत इटालियन संगमरवर, खांबांच्या माथ्यावर कोरीवकाम आणि छतावर तारे. हे चालू तिकीटघर आहे, तेव्हा रांगेच्या वाटेत न थांबता भिंतीला टेकून वर पाहा. फलाटावर जायचं असेल तर आधी फलाट तिकीट काढा. ट्रायपॉड उघडलात तर सुरक्षा कर्मचारी अडवणारच. तशा चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते.

शेवटचा टप्पा क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, दहा मिनिटांवर. 1869 ची ही इमारत विल्यम इमर्सनची. दारांच्या कमानींवरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंगने रेखाटली. तो तेव्हा जे. जे. मध्ये शिकवत होता. रस्त्याच्या पलीकडून पाहा, दाराखाली हातगाड्यांची गर्दी असते. आतलं कारंजंही शोधून काढा. आसपास दुकानं आणि माल असतो, तेव्हा पाठीवरची सॅक पुढे घ्या आणि दुकानदाराला विचारूनच फोटो काढा.