दीड लाट

पुण्यातील ज्या शाळेत मी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या मुलांना गणित शिकवते, तेथे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दप्तरात असावाच लागतो. त्रिकोणमितीय फलांच्या एका तासाला मी साइन(३०एक्स) या फलाचा आलेख उणे १० ते १० या नेहमीच्या विंडोत, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या अक्षाच्या तेवढ्या भागात, काढायला सांगितला. शाळेच्या कपाटातला जुना, कृष्णधवल टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या मुलीच्या पडद्यावर जेमतेम दीड लाट उमटली, पण अगदी सुबक. शेजारच्या मुलाच्या रंगीत टीआय-८४ प्लस सीईवर मात्र उभ्या रेघांचे रान माजले. वर्गाने एकमताने रंगीत यंत्राला दोषी ठरवले आणि तो मुलगा म्हणाला, "मॅडम, रीसेट मारून बघू का?"

मी त्याला थांबवले आणि सर्वांना आधी कागदावर हिशेब करायला लावला. या फलाची एक लाट सुमारे ०.२०९४ एवढ्या अंतरात पूर्ण होते, म्हणजे त्या विंडोत जवळजवळ साडेपंचाण्णव लाटा असायला हव्यात. जुन्या यंत्राच्या आलेखाला पडद्यावरच्या ठिपक्यांचे ९५ उभे स्तंभ मिळतात आणि वेळ वाचवण्यासाठी ते प्रत्येक स्तंभामागे फलाची एकच किंमत काढते. लगतच्या दोन बिंदूंमधील आडवे अंतर, म्हणजे यंत्राचे पाऊल, २० भागिले ९४, म्हणजे सुमारे ०.२१२८ पडते. यंत्र दर खेपेला एक अख्खी लाट ओलांडून, तिच्यापुढे केवळ ०.००३३ एवढे सरकून, पुढचा बिंदू घेत होते, आणि मधले काही न पाहता ते बिंदू जोडून टाकत होते. त्यातून जी दीड लाट तयार झाली, ती साइन(०.४६९एक्स) या भलत्याच फलाची होती. रंगीत यंत्राला २६५ स्तंभ असल्याने लाटेमागे दोन-तीन बिंदू तरी मिळत होते. ते चित्रही खरे नव्हते, पण निदान गर्दी आहे एवढे तरी ते सांगत होते.

मुलांना हिशेब पटला तरी ती सुबक लाट डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मी जुन्या यंत्रावर विंडो उणे ९ ते ९ करायला सांगितली. विंडो आकसल्यावर लाटा कमी व्हायला हव्यात. येथे दीडच्या आठ झाल्या, शिवाय शून्यापाशी आलेख चढण्याऐवजी उतरू लागला. त्यानंतर मात्र रीसेटचा विषय कोणी काढला नाही.

अशी काटकसर या यंत्रात इतरत्रही आहे. अवकलजाची, म्हणजे एखाद्या बिंदूवरील आलेखाच्या उताराची, आज्ञा दिली की ते दोन्ही बाजूंना ०.००१ अंतरावरच्या दोन किमती घेऊन उतार काढते. त्यामुळे एक्सच्या घनाचा ५ या बिंदूवरील अवकलज ७५ ऐवजी ७५.०००००१ येतो, ज्याने उत्तरपत्रिकेत काहीच बिघडत नाही. पण एक्सच्या केवल मूल्याला शून्यावर अवकलजच नसताना तेथेही ते बेधडक ० असे उत्तर देते, आणि हे मला जास्त धोकादायक वाटते.

तास संपता संपता त्या मुलीने विचारले की पाऊल नेमके एका लाटेएवढेच पडले तर काय होईल. तिने साइन(९.४पायएक्स) टाकले आणि आलेख आडव्या अक्षावर सपाट झोपला. रंगीत यंत्राचा मालक हसू लागला, तेव्हा तिने २० भागिले २६४ वरून त्याच्यासाठीही आकडा काढून दिला: २६.४पाय.