आमची वाटचाल : बोअरच्या गाडीवरचा पगार

आमचे वडील यारीवर काम करायचे. सिन्नर तालुक्यात विहिरी खोदायच्या, सुरुंग उडवायचे, फुटलेला दगड यारीने वर ओढायचा. काम उक्तं असायचं, परसावर, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापावर. वरचे दोन-तीन परस मुरूम लागला तर टोळीला चार पैसे सुटायचे. पहिल्याच परसाला काळा पाषाण आडवा आला तर तेवढ्याच पैशात दुप्पट दिवस राबावं लागायचं. खाली काय आहे हे शेतकऱ्याला माहीत नसायचं, ठेकेदारालाही नसायचं. पण अंदाज चुकला की भुर्दंड मात्र खाली उतरलेल्या माणसाला.

2004 साली आम्ही दोघा भावांनी कर्ज काढून एक जुनी बोअरची गाडी घेतली आणि आडगाव नाक्याजवळ भाड्याच्या जागेत धंदा सुरू केला. यारी जाऊन डीटीएच हॅमर, म्हणजे भोकाच्या तळाशी हवेच्या दाबाने चालणारा हातोडा आला, पण वडिलांच्या वेळचा प्रश्न आमच्यासोबत तसाच आला : खडकाची जोखीम कोणी उचलायची? मालकाने की गाडीवरच्या माणसाने? आज लोक आमच्या गाड्या, आमचे कॉम्प्रेसर बघतात. मला विचाराल तर आमची खरी वाटचाल पगाराच्या वहीत आहे. ती वही पहिल्यापासून वहिनी सांभाळतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बोअरवाले म्हणजे सगळे एकच. एका गाडीमागे ऑपरेटर असतो, रिगचा म्हणजे बोअर मारणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, पाइप आणि डिझेल वाहणाऱ्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, चार-सहा हेल्पर आणि बहुतेक वेळा एक स्वयंपाकी. या धंद्याचं मोठं केंद्र म्हणजे तामिळनाडूतलं तिरुचेंगोडे. तिथल्या गाड्या देशभर फिरतात आणि ऑपरेटरही पुष्कळदा तिकडचेच. हेल्पर छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडून येतात. ऑपरेटरला हेल्परच्या दुप्पट मिळणं ही या धंद्यातली साधी गोष्ट आहे आणि त्याला कारणही आहे. हॅमरचा आवाज बदलला, वर येणाऱ्या चुरीचा रंग बदलला की खाली काय चाललंय ते त्याला कळतं. नवा माणूस ते ओळखेपर्यंत हॅमर अडकलेला असतो.

आम्ही आलो तेव्हा सरसकट पद्धत होती ती थोडा बांधा पगार, खोराकी म्हणजे जेवणखर्च, आणि वर फुटामागे पैसे. ऐकायला न्याय्य वाटतं, जितकं काम तितकं दाम. पण आपला नाशिक जिल्हा बसला आहे बेसॉल्टवर, लाव्हाच्या थरावर थर. मुरूम आणि मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांच्या मऊ खडकात हॅमर सरसर उतरतो, घट्ट काळ्या पाषाणात तोच हॅमर रडवतो. समजा टोळीला फुटामागे 20 रुपये ठरलेत. एका रात्री 400 फूट झाले तर 8000 रुपये. दुसऱ्या रात्री पलीकडच्या शिवारात तितकेच तास, तितकीच धूळ, तितकंच जागरण, पण 180 फूटच झाले, तर 3600. माणसं तीच, मेहनत तीच. फरक दगडाचा, आणि तो भरून काढायचा हेल्परने, ज्याच्या घरी आधीच उचल गेलेली असते.

त्यात आणखी एक गोष्ट. शेतकऱ्याकडून आपण टप्प्याने दर घेतो. ठरावीक फुटांपर्यंत एक भाव, मग दर शंभर फुटाला वाढता. खोल गेलं की हवा जास्त लागते, डिझेल जास्त जातं, पाइप चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, म्हणून भाव वाढतो. हे बरोबरच आहे. पण पाइप चढवणाऱ्या हातांना पहिल्या फुटाला जो भाव, तोच शेवटच्या फुटालाही, असंच सगळीकडे चालायचं. हे मला कधीच पटलं नाही. आमच्याकडे खोल टप्प्याला शेतकऱ्याचा दर वाढला की टोळीचा दरही वाढतो.

इंजिनाला तासांचं मीटर असतंच. डिझेलच्या हिशोबाला आपण ते रोज बघतो. भावाने सुचवलं की पगारालाही तेच धरू. तेव्हापासून आमच्या गाडीवर नियम एकच : फुटाचे पैसे आणि तासाचे पैसे दोन्ही काढायचे, जे जास्त भरेल ते द्यायचं. पाषाण लागला तर तासाने, मुरूम लागला तर फुटाने. मोसमात याचा बोजा आमच्यावर येतो, हे खरं. 2012-13 च्या दुष्काळात सिन्नर, येवला, नांदगाव भागात गाड्या थांबत नव्हत्या, तेव्हा या नियमाने आमच्या नफ्याला चांगलीच कात्री लागली. पण त्या उन्हाळ्यात आमचा एकही ऑपरेटर दुसऱ्याच्या गाडीवर गेला नाही, आणि ज्यांनी तो उन्हाळा बघितलाय त्यांना याची किंमत माहीत आहे.

फुटावरच्या पगाराचा सगळ्यात वाईट परिणाम कामगारावर होतो असं लोक समजतात. माझ्या मते तो शेतकऱ्याच्या बोअरवर होतो. ज्याला फुटाचेच पैसे मिळतात तो केसिंगला, म्हणजे वरची माती अडवणाऱ्या पाइपला, वेळ देत नाही, कारण केसिंग उतरवण्यात फूट पुढे सरकत नाही. मुरूम पूर्ण संपून घट्ट दगडात टेकेपर्यंत केसिंग गेली नाही तर वरची माती ढासळते आणि वर्षा-दोन वर्षांत मोटर आत अडकते. म्हणून केसिंगच्या प्रत्येक फुटाला आम्ही टोळीला वेगळे पैसे देतो, बोअरच्या फुटापेक्षा जास्त. कोरडं गेलेलं बोअर बुजवून तोंड पक्कं बंद करण्याचेही वेगळे पैसे देतो. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सूचना दिल्या आहेत, त्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण पहाटे चार वाजता दमलेला हेल्पर दगडमाती भरत बसेल तो त्या कामाचा मोबदला असेल तरच.

आणि खोलीचं काय? आपल्या खडकात पाणी असतं ते दोन थरांच्या सांध्यात, मांजऱ्यात, भेगांत. तो सांधा गेला, खाली नुसता काळा पाषाण लागला की अजून शंभर फूट मारल्याने पाणी लागेलच असं नाही. पण बांधावर उभा असलेला शेतकरी मेटाकुटीला आलेला असतो, द्राक्षबाग वाळत असते, पाणाड्याने नारळ फिरवून शब्द दिलेला असतो. अशा वेळी ‘काका, अजून एक शंभर मारू, लागेल’ असं म्हणणारा माणूस फुटावर पोट भरणारा असू नये. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे आणि 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला तो ‘खोल विहीर’ मानतो. कायदा आहेच, पण बांधावर निर्णय होतो तो ऑपरेटरच्या एका वाक्यावर. आमच्याकडे ठरलेल्या खोलीवर थांबलं तरी त्या रात्रीचे टोळीचे पैसे पूर्ण मिळतात. त्यामुळे आमचा ऑपरेटर ‘इथे थांबा’ असं मोकळेपणाने सांगू शकतो. माझ्या लेखी आम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच.

हॅमर अडकला, पाइप तुटला तर नुकसान पगारातून कापायचं, अशी पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. लाल गेरूचा थर ओला झाला की फुगतो आणि हॅमर धरून ठेवतो. त्यात हेल्परचा काय दोष? आम्ही असा एक रुपयाही कापत नाही.

पुढे आम्ही माती परीक्षणाच्या ड्रिलिंगमध्ये उतरलो. पुलाच्या, इमारतीच्या पायाखालचा दगड गोल दांड्यासारखा कापून बाहेर काढायचा, कोअर ड्रिलिंग. तो दांडा म्हणजे कोअर. समृद्धी महामार्ग, वाढतं नाशिक, आता 2027 च्या सिंहस्थाची कामं, यामुळे मागणी वाढली. इथे पगाराचं गणित पार उलटं आहे. डायमंड बिट हळू, सारख्या दाबाने फिरवावं लागतं. घाई केली तर कोअरचा चुरा होतो. दीड मीटरच्या एका फेरीत दहा सेंटीमीटरपेक्षा मोठे तुकडे एकूण किती लांबीचे निघाले यावरून इंजिनिअर खडकाची प्रत ठरवतात. चांगला दगड घाईने कापला तर कागदावर तो वाईट ठरतो आणि पायाचा खर्च विनाकारण वाढतो. म्हणजे इथे मीटरवर पैसे दिले तर मी स्वतःच कामाची वाट लावली असं होईल. कोअरच्या मशीनवर आम्ही दिवसाचा बांधा पगार देतो आणि कोअर चांगला निघाला तर वर बक्षीस. बोअरच्या गाडीवरून आलेल्या ऑपरेटरला सुरुवातीला हे जड जातं. त्याचा हात वेगाला सवकलेला असतो. पण एकदा जमलं की तो परत जायचं नाव काढत नाही, कारण इथे रात्र घरी झोपता येते आणि फेब्रुवारी-मार्च सोडूनही काम असतं.

पावसाळा हा मोठा प्रश्न होता. जूनमध्ये काळी जमीन ओली झाली की गाडी शेतात घुसत नाही, ऑक्टोबरपर्यंत धंदा जवळजवळ बंद. परप्रांतातली माणसं भात लावायला गावी जातात, ते ठीक. पण जी इथलीच आहेत, पेठ-सुरगाण्याकडची, त्यांनी चार महिने काय खायचं? त्यांना आम्ही पावसाळ्यात अर्धा पगार देतो आणि हॅमर, कॉम्प्रेसरची दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घेतो. दुरुस्ती शिकलेला हेल्पर पुढे ऑपरेटर होतो. आमच्या आजच्या ऑपरेटरपैकी दोघे असेच खालून वर आलेत.

एक दर मात्र अजून मनासारखा बसलेला नाही, आडव्या बोअरचा. जुन्या विहिरीत खोल उतरून, चिखलात उभं राहून भिंतीत आडवं छिद्र मारायचं. जागा कोंदट, धूळ तोंडावर, वरून दगड सुटण्याची भीती. शेतकऱ्याला ते उभ्या बोअरपेक्षा लहान काम वाटतं आणि भावही तो तसाच मागतो. हेल्मेट, मास्क, दोर, पाण्याचा फवारा हे सगळं आम्ही देतो, पण जोखमीचा भाव त्याहून वेगळा असतो. यंदाच्या मोसमापासून आडव्या बोअरला उतरणाऱ्या माणसाचा रोज ऑपरेटरच्या बरोबरीने धरायचा, असं आम्ही ठरवलंय. शेतकऱ्याला सांगायच्या दरात त्यामुळे वाढ होईल, आणि ती का झाली हे आम्ही प्रत्येकाला विहिरीच्या काठावर उभं राहून सांगणार आहोत.