२० कोटी बायकांचा हिशेब

आधुनिक चीनच्या इतिहासावर बोलायला मला कुठेही बोलावलं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : "चिनी बायकांना मोकळं केलं ते माओनेच ना? त्याआधी तिकडे होतं काय? पाय बांधून घरात बसवायचे." बायकांनी अर्धं आकाश पेललंय, ही माओच्या काळातली घोषणा सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते. त्याआधीच्या बायकांची नावंच आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. जबरदस्तीची लग्नं बंद करणारा, बायकांना घटस्फोटाचा हक्क देणारा माओच्या सरकारचा १९५०चा विवाह कायदा मोठा होता, यात वाद नाही. पण त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीपासून शिकलेल्या चिनी बायका लिहीत होत्या, मागत होत्या, आणि आपली बाजू घेणाऱ्या सुधारक पुरुषांशीसुद्धा कडाडून भांडत होत्या. मला त्यांचं हे भांडणच फार महत्त्वाचं वाटतं.

१८९५मध्ये जपानने चीनचा दारुण पराभव केला आणि देश इतका खचला कसा, याची चर्चा सुरू झाली. सुधारकांचा बिनीचा लेखक ल्यांग चिचाओ याने १८९७मध्ये स्त्रीशिक्षणावर लेख लिहिला. त्याचं गणित असं : देशातल्या २० कोटी बायका नुसत्या बसून खातात, कमावती एकही नाही. त्यांना शिकवलं की घरावरचा भार हलका होईल, मुलं चांगली निपजतील, राष्ट्र बलवान होईल. घरोघर सूत कातणाऱ्या, रेशमाचे किडे पाळणाऱ्या, रांधणाऱ्या बायका या गणितात धरलेल्याच नव्हत्या. चंद्राफुलांवर कविता करणाऱ्या विदुषींची विद्याही त्याला विद्या वाटत नव्हती.

पुढच्याच वर्षी शांघायमध्ये बायकांनी स्वतः चालवलेलं एक नियतकालिक निघालं. त्यात लिहिणारी श्वे शाओह्वे कवयित्री होती आणि नव्या मुलींच्या शाळेत कविता शिकवलीच पाहिजे, यावर ठाम होती. चिनी बायकांची विद्वत्तेची परंपरा शतकानुशतकांची आहे, ती मोडीत काढून आम्हाला कोऱ्या पाटीसारखं वागवू नका, असा तिच्या म्हणण्याचा रोख. तिला जुन्या वळणाची म्हणून बाजूला सारणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही.

मग चिऊ जिन. शाओशिंगच्या सुखवस्तू घराण्यातली, लहानपणी पाय बांधलेली, लग्न होऊन पेइचिंगला आलेली, दोन मुलांची आई. १९०४मध्ये दागिने विकून ती जपानला शिकायला गेली. तिथून तिने चीनच्या २० कोटी भगिनींना उद्देशून एक निवेदन छापलं. आकडा ल्यांगचाच, पण आता त्या २० कोटींशी कुणीतरी बोलत होतं, तेही पंडिती भाषा सोडून, वाचून दाखवलं तरी कुणालाही समजेल अशा साध्या बोलीत. ते जरूर वाचावं. मुलगी झाली की बाप म्हणतो, आणखी एक निरुपयोगी. थोडी मोठी झाली की तिच्या गोऱ्या, नाजूक पायांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आवळतात. झोपेतही त्या सैल करायच्या नाहीत. मांस सडतं, हाडं मोडतात, आणि हे सगळं कशासाठी, तर नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी म्हणावं, अमक्याच्या मुलीचे पाय काय लहान आहेत! नवरा मेला तर बायकोने तीन वर्षं सुतक पाळायचं, दुसरं लग्न करायचं नाही. बायको मेली तर नवऱ्याने (तेव्हा पुरुषही वेणी घालत) वेणीत सुतकाचा निळा दोरा गुंफला की झालं. दोष ती बायकांच्याही पदरात घालते. देश बुडायला निघालाय, पुरुषांनाच स्वतःची शाश्वती नाही, त्यांच्यावर विसंबून राहायचं कसं, असं ती सरळ विचारते.

ती दिसायची कशी, हे ल्यू बीछेंगने लिहून ठेवलंय. बीछेंग त्या वेळी त्येनचिनच्या एका वृत्तपत्रात संपादनाचं काम करत होती. १९०४मध्ये चिऊ जिन पुरुषी पोशाखात तिला भेटायला गेली आणि रात्री तिच्याच खोलीत राहिली. पहाटे अर्धवट झोपेत बीछेंगने डोळे उघडले, तर समोर सरकारी अधिकारी घालतात तसले काळे बूट. खोलीत पुरुष शिरला की काय, म्हणून ती दचकली. नीट पाहिलं तर चिऊ जिन प्रसाधनाची छोटी पेटी उघडून नाकाला पावडर लावत होती. पुढे चिऊ जिनने स्त्रियांसाठी पत्र काढलं, तेव्हा त्यात बीछेंगनेही लिहिलं. पत्राचे दोनच अंक निघाले. छिंग राजवटीविरुद्ध उठावाच्या कटाचा ठपका ठेवून १५ जुलै १९०७ रोजी शाओशिंगमध्ये चिऊ जिनचा शिरच्छेद झाला. माओ त्या वेळी १३ वर्षांचा होता. श्यू त्सिह्वा आणि वू चियिंग या तिच्या मैत्रिणींनी धोका पत्करून हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी तिला पुरलं. दरबाराला ती कबरही सहन झाली नाही, ती तिथून हलवायला लावली.

त्याच १९०७ साली तोक्योत ह-यिन झेन ही अराजकतावादी (कुठलीच राजसत्ता नको म्हणणारी) चिनी लेखिका 'त्येनयी' हे पत्र चालवत होती. आईचं आणि बापाचं अशी दोन्ही आडनावं ती लावायची. सुधारक पुरुषांना तिच्याइतकं स्वच्छ कुणीच ओळखलं नाही. ती म्हणते, हे बायकांना मोकळं करायला निघालेत ते स्वतःसाठी. युरोप-जपानकडे पाहून आपणही सुधारलेले दिसावं म्हणून, महागाईत बायकोनेही कमवावं म्हणून, आणि शिकलेल्या बायकोने घर-मुलं नीट सांभाळली की आपला जीव सुखात राहतो म्हणून. मताधिकारावरही तिचा भरवसा नव्हता. वरच्या वर्गातल्या चार बायका संसदेत बसल्याने गिरणीतल्या बाईचं किंवा मोलकरणीचं काय भलं होणार, हा तिचा सवाल. कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या अगदी सुरुवातीच्या चिनी भाषांतरांपैकी एक १९०८मध्ये याच पत्रात छापलं गेलं. चीनमध्ये कम्युनिस्ट पक्ष निघाला १९२१ला.

मताधिकारासाठी झगडणाऱ्यांचा अनुभवही कडूच होता. थांग छ्युनयिंग ही राजेशाहीविरुद्ध लढणाऱ्या सन यत्-सेनच्या क्रांतिकारी संघटनेतली अगदी सुरुवातीची स्त्री सभासद. राजेशाही उलथली, प्रजासत्ताक आलं आणि मार्च १९१२च्या हंगामी घटनेत स्त्री-पुरुष समतेचा शब्दही नव्हता. ती आणि तिच्या मैत्रिणी नानचिंगला हंगामी संसदेच्या सभागृहात घुसल्या, सदस्यांच्या मध्ये जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी अडवलं तेव्हा त्यांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या. ऑगस्टमध्ये सनची संघटना आणि इतर पक्ष मिळून क्वोमिनतांग हा नवा पक्ष काढताना संघटनेच्या कार्यक्रमातलं स्त्री-पुरुष समतेचं कलमच गाळलं गेलं. पेइचिंगच्या त्या सभेत छ्युनयिंग व्यासपीठावर चढली आणि विलीनीकरण घडवणारा नेता सुंग च्याओरेन याच्या थोबाडीत दिली. क्रांतीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बायकांना विजयानंतर घरी जायला सांगितलं, त्याचा हा राग होता, आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटतो.

१९२२मध्ये हुनान प्रांताने आपली स्वतःची घटना लागू केली, तीत बायकांना मताचा हक्क होता. पेइचिंगच्या सभेत छ्युनयिंगच्या बरोबर असलेली वांग चांगकुओ तिथल्या प्रांतिक विधिमंडळावर निवडून आली.