फँटम अवरग्लास, पुन्हा एकदा

आज सुट्टी. कपाटातला निंटेंडो डीएस (हातात धरून खेळायचा, दोन स्क्रीनचा, मिटता येणारा गेम कन्सोल) चार्ज केला आणि २००७ चा 'झेल्डा: फँटम अवरग्लास' लावला. सगळा खेळ पेनाने! बूमरँग कुठून वळायचं ती रेघ आपण ओढायची, समुद्राच्या नकाशावर जहाजाची वाट आखायची, मशाली विझवायला चक्क माइकवर फुंकर मारायची. (घरचे बघत होते. बघू देत.) एका कोड्यात तर वरच्या नकाशावरचा शिक्का खाली उमटवायला डीएसच मिटायचा! ज्याला हे सुचलं त्याला दंडवत.

पण ते ओशन किंगचं मंदिर! दरवेळी तिथेच परत जायचं, वरून वेळ मोजणारं वाळूचं घड्याळ, त्यात पहारेकऱ्यांची नजर चुकवायची. नवी हत्यारं मिळाली की जवळच्या वाटा सापडतात, तरी वैताग येतोच. कोलांटी मारायलाही स्क्रीनच्या कडेशी गोल गोल रेघा. जहाजाचा कप्तान लाइनबेक मात्र भित्रा असून जाम आवडतो.