वेठ

आजी मला चपात्या लाटायला बसवायची आणि कडा जाड राहिल्या की ओरडायची, "वेठ मारू नकोस गं, मन लावून लाट." मला कितीतरी वर्षं वाटायचं की वेठ हा लाटण्याचाच काहीतरी चुकीचा प्रकार आहे. वेठ मारणं म्हणजे काम कसंतरी उरकणं हे नंतर कळलं, आणि असं का म्हणतात ते तर अजूनच उशिरा. फुकट, जबरदस्तीने करून घेतलेलं काम कोण मन लावून करणार हो? राबणाऱ्याने जमेल तेवढं अंग चोरलं, आणि मालकाची ती तक्रार आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली.

शब्द जुना आहे, संस्कृत विष्टीवरून आलेला, अर्थ तोच, सक्तीची मजुरी. गंमत म्हणजे राखीपौर्णिमेला फॅमिली ग्रुपवर "भद्रा किती वाजता संपतेय" सुरू होतं ना, त्या भद्रेचं पंचांगातलं नाव पण विष्टीच. बिगार मात्र फारसी. म्हणजे वेठबिगार म्हणजे बाजारहाटसारखं झालं, एकच गोष्ट दोन भाषांत, एकीत सांगून भागलं नसावं.

साहेबाचं सामान पुढच्या गावाला न्यायचंय, मग दिसेल त्या गरिबाला धरा, हे वेठीस धरणं. महार वतनात, म्हणजे महारांकडे पिढीजात आलेल्या गावकामात, तर अख्खं घरच सरकारी कामाला चोवीस तास बांधलेलं, त्या वतनाच्या कायद्यात बदल करा म्हणून आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं होतं. आणि ठाण्याकडच्या वारल्यांत लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायला, त्यांना लग्नगडी म्हणायचे. केवढा गोड शब्द वाटतो ऐकायला, आणि आत काय भरलंय! 1945 च्या वारल्यांच्या उठावात ह्याच्याविरुद्धही लढा होता. पुढे घटनेच्या कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी आली, 1976 ला वेगळा कायदा पण झाला.

आता टीव्ही लावा. खाली पट्टी पळतेय, "संपामुळे प्रवासी वेठीस". 2021 च्या एसटी संपात तर हे रोज ऐकलं, आणि मी पण स्टँडवर बॅग घेऊन उभी राहून हेच बोलले, काय हो वेठीस धरलंय लोकांना. घरी आल्यावर डोक्यात आलं की अरे, हे उलटंच झालं की सगळं, पूर्वी धरणारा सरकारातला आणि धरला जाणारा मजूर, आता पगार वाढवा म्हणून काम थांबवणारा तो धरणारा आणि मी, एसीतून उतरून वैतागलेली, ती वेठबिगार! ज्याच्या डोक्यावर हा शब्द लादला त्याच्यावरच तो उलटवला आम्ही, आणि कुणाला काही वाटलं पण नाही. मला तरी त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. (बस मिळाली नाही म्हणून चिडले होते ते अजून खरंच आहे, ते वेगळं.)

बिगारी मात्र सुधारला म्हणायचा, म्हणजे शब्द. आमच्या बाथरूमचं काम निघालं तेव्हा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मिस्त्री एक, बिगारी दोन, रोज वेगळा." बिनपगारी माणसाचं नाव रोजंदारीवाल्याला चिकटलं आणि टिकलं. त्यातला एक अगदी पोरगेला होता, सोसायटीने लिफ्टमधून माल न्यायला बंदी केलेली म्हणून वाळूची घमेली तीन मजले चढवत होता. चहा देताना विचारलं, घरी कोण असतं. म्हणाला, आईबाप भट्टीवर, विटा पाडायला, पावसाळ्यापर्यंत काय येत नाहीत.

मधे येऊन जात नाहीत का, म्हटलं.

"कसे येतील मॅडम, उचल घेतलीय ना," असं बोलला, कप कठड्यावर ठेवला आणि घमेलं उचलून वर गेला.