सोळाचा बार, वीसचा बार

शनिवारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या साइटवर पोचलो तो थेट सळया बांधणाऱ्या फिटरवरच ओरडलो. टॉवेलचा कारखाना, वर एक मजला. कॉलम 300 बाय 450, ड्रॉइंगमध्ये 16 एमएमचे आठ बार, म्हणजे सळया, आणि यानं पायाच्या जाळीवर 20 चे उभे केलेले. मालक शेजारीच. आपल्याकडं जो इंजिनिअर स्टील कमी करून देतो तोच हुशार. त्यामुळं माझा आवाज जरा जास्तच चढला.

फिटर म्हणाला, "सर, तुमच्या पोरानंच फोन करून सांगितलंय की, वीसचे टाक म्हणून."

ते पोरगं, म्हणजे माझ्या ऑफिसात डिझाइन करणारा मुलगा, सोमवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेलं. कायमचं.

फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, भरायला तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी अकराला येणार होती आणि गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही. बॉनेटवर लॅपटॉप उघडला. ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायली तीन: फायनल, फायनल-2, फायनल-खरं. तिसरीत वरच्या मजल्याचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-मालाचा भार, 5 वरून थेट 9.6 झालेला. मालकाला विचारलं तर म्हणे, "वर पॅकिंगऐवजी सुताचं गोडाऊन करायचं ठरलं. तुमच्या पोराला सांगितलं होतं चहा पिताना." गोदामाला दर चौरस मीटरला कमीत कमी साडेसात किलोन्यूटन भार धरावा लागतो, आणि थप्पीच्या दर मीटर उंचीला 2.4. यांची थप्पी चार मीटर. हिशोब पोरानं चोख केलेला. 16 चे बार घालून चालवून बघितलं, तर मधले कॉलम लाल, म्हणजे फेल. वीसचे घातले की बसतात. काळी माती काढून खाली कठीण मुरूम लागलेला, म्हणून फुटिंगचं माप आणि जाळी तेवढ्यातच पुरत होती. बीम बदलावे लागणार होते, पण ते अजून कागदावरच.

म्हणजे साइट बरोबर आणि माझ्या सहीचं ड्रॉइंग चूक! फिटरला सॉरी म्हणालो नाही. चहा पाजला.

ऑफिसला येऊन बघितलं. सुधारित ड्रॉइंग 'सरांनी बघायचं' या फोल्डरमध्ये अकरा दिवस पडून होतं. बीमसकट.

आमच्या ऑफिसात वर मी, खाली पंधरा वर्षं टिकलेले दोन ड्राफ्ट्समन. मधली जागा दर दोन-तीन वर्षांनी रिकामी होते. पोरगं येतं, रिंगचा हूक 135 अंशात का वाकवायचा इथपासून शिकतं, आणि स्वतःच्या जिवावर कॉलम सोडवायला लागलं की पुण्याची वाट धरतं. मी चारचौघांत म्हणत आलो की पोरांना दम नाही, पगारामागं पळतात. यानं मात्र पगाराचा विषय काढलाच नव्हता. दिवाळीनंतर एकदा विचारलं होतं, "सर, इथं पुढं काय?" मी म्हणालो, "अजून शीक." मला तेव्हा खरंच तेवढंच सुचलं.

रात्री त्याचाच फोन आला. "सर, फुटिंग भरली? वीसचेच टाकले ना?"

"टाकले." मग उगाच विचारलं, "तिकडं काय म्हणून घेतलंय तुला?"

"डिझाइन इंजिनिअर, सर."

आमच्याकडं तीन वर्षं त्याला पदच नव्हतं. साइटवर सगळे 'सरांचं पोरगं' म्हणायचे. मीसुद्धा.