बिडाचा राजा

आज न्यूयॉर्कच्या सोहो भागात फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात घालून फिरले. लोक बघत होते, बघू देत.

ग्रीन स्ट्रीटवर ७२-७६ नंबरची पाच मजली इमारत आहे. ‘किंग ऑफ ग्रीन स्ट्रीट’ म्हणतात तिला. १८७३ची, वास्तुकार आयझॅक डकवर्थ. मधला भाग पुढे आलेला, माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या कॉरिंथियन खांबांच्या रांगा, थेट दगडी राजवाडाच वाटतो. खांबाला चुंबक लावला आणि टक्क, चिकटला! आपला डोशाचा बिडाचा तवा असतो ना, तेच हे बीड. बोटाने ठोकलं तर आवाज पोकळ.

आणि हा सगळा थाट कशासाठी, तर मालाच्या वखारीसाठी! एकदा साचा केला की हवे तेवढे खांब ओतायचे, जागेवर आणून बोल्टने जोडायचे. खांब सडपातळ, म्हणून खिडक्या भल्यामोठ्या. विजेचे दिवे यायच्या आधीचा काळ. गिऱ्हाइकाला कापडाचा रंग उजेडात दिसायला नको? या भागात काही ठिकाणी तर तळघरात उजेड जावा म्हणून फुटपाथवरच लोखंडी चौकटीत काचेच्या गोल चकत्या बसवल्यात. मी एकीवर उगाच पाच मिनिटं उभी राहिले.

अर्थात हा मुखवटाच. मागे विटांच्या भिंती नि लाकडी तुळया. आगीत तापलेल्या बिडावर पाणी पडलं की ते तडकायचं. मुंबईच्या जुन्या वॉटसन हॉटेलचा मात्र अख्खा बिडाचा सांगाडाच सुटा सुटा होऊन इंग्लंडहून बोटीने आला होता.

निघताना खांबाच्या बुडाशी रंगाचा पोपडा निघालेला दिसला. खाली तांबूस गंज.